रफीकभाई आणि खराद ग्रहाचा इतिहास

रफीकभाई,

तुम्हाला घेऊन पुरुषमाणसं कब्रस्तानाकडं गेली आणि घरात आम्ही बायका उरलो. मी भाभींच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. गेवराईहून आलेल्या तुमच्या थोरल्या आपा बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या. माझी साडी बघितली, खांद्याची शाळेची पर्स बघितली, आणि शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कोण रफीकच्या?"

शेजारीण म्हणावं तर मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. गिऱ्हाईक म्हणावं तर इतक्या वर्षांत मी तुमच्याकडून एकच काम करून घेतलं. मैत्रीण म्हणायला जीभ उचलली होती, पण ते आपांच्या कानाला कसं लागलं असतं कोण जाणे. तेव्हा भाभी, ज्या सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "आपा, या त्या ग्रहवाल्या बाई."

आपांचा चेहरा एकदम बदलला. सरकत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग शनी बी बघता का तुमी? आमच्या नातीचं कुठं जमंना झालंय."

रफीकभाई, मी तुमच्या मयतीच्या घरात हसले. पदर तोंडात कोंबून हसले. लाज वाटून बाजूला बघते तर भाभींचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. रडतही होत्या, पण नुसत्या रडत नव्हत्या. "त्यांना सांगायला पायजे होतं हे," असं म्हणाल्या आणि पुन्हा ओढणी डोळ्यांना लावली.

म्हणून सांगते आहे. तुम्हाला जाऊन आज बारावा दिवस, आणि काल शनिवारी दुकानात जे झालं तेही सांगायचं आहे. पण ते शेवटी. तुम्हीच म्हणायचात, "बाई, इतिहास हाय, वळीनं येऊ द्या."

तर वळीनं.

पालीच्या आमच्या शाळेच्या बोअरची मोटार बंद पडली होती. शाफ्ट झिजला होता. मी इतिहास शिकवते, मोटारीशी माझा काय संबंध, पण शाळेत स्कुटी माझ्या एकटीकडं, त्यामुळं शाफ्ट गोणपाटात गुंडाळून माझ्या डिकीत आला. बार्शी नाक्याजवळ तुमचं दुकान कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही शाफ्ट हातात घेतला, डोळे मिटले आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. डॉक्टर पोट दाबून बघतात तसा. "लई खाल्लाय यानं," म्हणालात. "बसा. तासभर लागंल."

तास कसला. लोखंड कातायचं तुमचं लेथ सुरू झालं, कुरळी साल सुटायला लागली आणि लाईट गेली. शाफ्ट पकडून ठेवणारा चक गरगरत गरगरत थांबला. तुम्ही हात पुसले आणि म्हणालात, "चार वाजेपर्यंत येत न्हाई आता. शनिवारी असंच हाय."

बसल्या बसल्या मला मागच्या पत्र्यावर खडूनं काढलेला नकाशा दिसला. मोठा गोल. गोलाच्या वर दोन सूर्य. गोलात गावं, त्यांची नावं: कानसपूर, घणवाडी, भट्टी नंबर सात. रस्ते, पूल, आणि दक्षिणेला लोखंड ओतायची एक मोठी फौंड्री.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खराद."

"खराद म्हणजे लेथच ना?"

"लेथला बी म्हणत्यात. पण हा ग्रह हाय."

तुम्ही हे इतकं सरळ सांगितलंत, की पुढं विचारल्याशिवाय मला राहवेना. मग कळलं. तुमची सना सहा वर्षांची असताना टायफॉईडनं दवाखान्यात होती. रोज गोष्ट मागायची. तुम्हाला परी, राजपुत्र काही येत नव्हतं. येत होतं ते लेथ. म्हणून तुम्ही तिला एक ग्रह सांगितलात, जिथं मातीच नाही. वीतभर खणलं की लोखंड लागतं. गवताची काडी उगवत नाही, म्हणून तिथली माणसं पिकवायच्या ऐवजी बनवतात. आकाशात दोन सूर्य: एक कामाचा, एक आरामाचा. भोवतालच्या साऱ्या गॅलक्सीत युद्ध पेटलंय. एकीकडं सात सूर्यांची सल्तनत, दुसरीकडं वलयांचं राज्य, आणि दोघांच्याही तोफा खरादवर ओतल्या जातात. सना बरी झाली, पण प्रश्न विचारायची थांबली नाही. "अब्बा, त्याच्या आधी काय होतं? त्याच्याही आधी?" असं मागं मागं जाता जाता तुमच्याकडं एका ग्रहाचा पुरा इतिहास जमला होता.

"आणि हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात," तुम्ही म्हणालात. "आपल्या गावाचं नाव काय? बीड. आमी ज्याचं काम करतो त्या वतीव लोखंडाला काय म्हणत्यात? बीड. कारखान्याचा ग्रह दुसरीकडं कुठं सापडणार?"

मी हसले. मग तुम्ही मला जे विचारलंत, त्यानं माझं हसू थांबलं.

"बाई, तुमी इतिहास शिकवता. तुमच्या पुस्तकात राजे हायेत, लढाया हायेत, तह हायेत. तोफ कुणी वतली, त्याचं नाव हाय का कुठं?"

माझ्या आजोबांनी बिंदुसरेच्या धरणावर दगड फोडले होते. शाळेच्या व्हरांड्यातून ते धरण मला रोज दिसतं. त्या भिंतीतला कुठला दगड आजोबांचा, हे घरात कुणालाच माहीत नाही, आणि मी तर लोकांच्या पोरांना इतिहास शिकवते. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी लाईट नव्हती म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग खडू उचलून नकाशाखाली लिहिलंत: "खरादवर नियम हाय. तोफेच्या नळीत, गोळ्यात, आतल्या बाजूला वतणाऱ्याचं नाव. कुणाला दिसू न दिसू."

शाफ्ट साडेचारला तयार झाला. पुढच्या शनिवारी मी रिकाम्या हातानं आले.

आपलं काम ठरून गेलं. शनिवारी माझी शाळा सकाळची आणि तुमची लाईट दुपारची जाणारी. तुम्ही बोलायचं, मी रजिस्टरात उतरवायचं, आणि दर दोन वाक्यांनी अडवायचं. "हे कुणी लिहून ठेवलं? त्याला पगार कोण देत होतं? दुसऱ्या बाजूचे लोक काय म्हणतात?" पहिल्या महिन्यात तुम्ही वैतागलात. "बाई, तुमी इतिहास लिवताय का पोलिसात जबाब घेताय?" पण नंतर तुम्हालाच त्याची चटक लागली. सल्तनतीच्या दप्तरात एक आकडा आणि घणवाडीच्या गाण्यात दुसरा आकडा, अशा गमती तुम्ही स्वतः घालायला लागलात, आणि मी गोंधळले की मिशीतल्या मिशीत हसायचात.

बाकावर ऐकायला गफूरचाचा असायचे. दुकानासमोर त्यांचा फळांचा गाडा. उन्हात गिऱ्हाईक नसायचं, म्हणून ते आत येऊन बसायचे, आणि गोष्ट आवडली की पेरू कापायचे. नाही आवडली तर नुसतीच सुरी पुसत बसायचे. आपल्या दोघांनाही त्या सुरीची धास्ती होती.

एका बाबतीत मात्र तुम्ही माझं कधी ऐकलं नाहीत. खरादवर लाईट जात नाही. मी म्हटलं, एवढी युद्धं, एवढे हल्ले, कधीतरी जाईलच की. इतिहासाला धरून नाही हे.

"बाई," तुम्ही हात जोडलेत, "तेवढं एक राहू द्या."

राहू दिलं.

आपलं पहिलं खरं भांडण पाचव्या अध्यायावरून झालं. तो अध्याय मी घरून लिहून आणला होता. खरादच्या उत्तरेला सल्तनतीच्या तोफा ओततात, दक्षिणेला वलयांच्या. दोन्हीकडचे कारागीर दुपारी एकाच भाकरीला बसतात. एक दिवस लढाई खरादच्या आभाळात येते आणि एक गोळा दक्षिणेच्या फौंड्रीवर पडतो. राख निवल्यावर गोळ्याचा तुकडा सापडतो, आणि त्यावर उत्तरेच्या उस्तादाचं नाव असतं. मी लिहिलं होतं, की नाव कोरून ठेवायचं तर ते असं वाचायचीही तयारी हवी.

मी वाचून संपवलं. गफूरचाचांच्या हातात पेरू तसाच राहिला. तुम्ही उठलात.

"तुमी आमचे हात कापले, बाई."

"मी खरं लिहिलं."

"खरं? आमी तोफ केली म्हणून आमी मारलं? हुकूम देणारा साफ, आन् आमीच घाण? कावून?"

"हुकूम देणाऱ्याचं तर सगळेच लिहितात. तुम्हीच म्हणालात, ओतणाऱ्याचं नाव हवं. मग चांगल्यापुरतं हवं का?"

तुम्ही चिंधीनं हात पुसत राहिलात, स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिलात. मी रजिस्टर उचललं आणि निघून आले. तीन महिने मी बार्शी नाक्यावरून गेले नाही. बाजारात जायला लांबच्या रस्त्यानं गेले. घरी एकटी बसून कितीतरी वेळा मनात तुमच्याशी भांडले, आणि प्रत्येक वेळी जिंकले, पण त्यात काही मजा नव्हती.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

तुम्ही पालीला शाळेत आलात. इस्त्रीचा शर्ट, हातात नवं रजिस्टर. मी शिक्षकखोलीत होते. चार सर बसले होते, आणि नवे मुख्याध्यापक त्याच आठवड्यात आले होते. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "बाई, उत्तर आणलंय." मुख्याध्यापकांनी मान वर केली. "कोण हे?"

आणि मी म्हटलं, "मोटार दुरुस्तीवाले आहेत."

का म्हटलं, रफीकभाई? पाच पुरुष बघत होते. एक लेथवाला माणूस बाईंना उत्तर घेऊन येतो म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं होतं. माझ्या वडिलांना लोकांनी आयुष्यभर त्यांच्या कामाच्या नावानं हाक मारली, नावानं नाही. ते मला किती लागायचं, आणि मीच तुम्हाला ते केलं. अर्धा सेकंद लागला असेल.

तुम्ही म्हणालात, "जी, साहेब." रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलंत. मग तुम्ही परत गेला नाहीत. मैदानाच्या कोपऱ्यात मोटारीच्या खोलीत गेलात, झाकण उघडलंत, ठणठणीत चालणाऱ्या मोटारीत ऑईल घातलंत, झाकण लावलंत, आणि मग गेलात. मी खिडकीतून सगळं बघत होते.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. अध्याय सहावा, 'अर्धा सूत'. तुमच्या मोठ्या गोल अक्षरात. गोळ्याच्या तुकड्यावर आपलं नाव वाचून उत्तरेचा उस्ताद सात दिवस जेवत नाही. आठव्या दिवशी तो दक्षिणेच्या उस्तादाकडं जातो. दोघं ठरवतात, आणि त्या दिवसापासून खरादवरची प्रत्येक तोफ नळीच्या तोंडाशी अर्धा सूत तिरपी कापली जाते. सल्तनतीची पण, वलयांची पण. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग, डोळ्याला दिसायचा नाही. पण गोळा आभाळात लाख कोस जातो, तिथं तो अर्धा सूत एवढा मोठा होतो, की त्यातून अख्खं जहाज निघून जाईल. पुढची चाळीस वर्षं सगळ्या गॅलक्सीत घनघोर युद्ध चालतं आणि एकही माणूस मरत नाही.

शेवटी दोन्हीकडचे सेनापती तणतणत खरादवर येतात. "उस्ताद, तोफा चुकतात!" उस्ताद फूटपट्टी काढतो, नळी मोजतो, आणि म्हणतो, "साहेब, माप तर तुमीच पाठवल्यालं हाय. बघा सही." सेनापती सही बघतात. सही त्यांचीच असते. ते एकमेकांकडं बघतात आणि चहा पिऊन परत जातात.

मी एकटी घरात खदखदून हसले. मग मला मोटारीची खोली आठवली आणि मी तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी तुमचे हात कापले म्हणालात, आणि तीन महिने बसून तुम्ही त्या हातांना काय काम दिलंत! माझं म्हणणं खोडलं नाहीत. घेतलंत, आणि माझ्या पुढं गेलात. असं भांडणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी दुकानात आले. माफी मागायचं ठरवून आले होते. स्कुटी लावेपर्यंत वाक्य जुळलेलं होतं. तुम्ही बाक झटकलात, "बसा बाई, नवं हाय," म्हणालात आणि वाचायला लागलात.

खरादची एक मुनशीबाई असते, गुलनार नावाची. ग्रहाचं सगळं दप्तर तिच्या हातात. ती आणि म्हातारा उस्ताद सल्तनतीच्या दरबारात जातात. दरबार झुंबरांनी लखलखतोय. वजीर विचारतो, "हा म्हातारा कोण?" आणि गुलनारच्या तोंडून निघून जातं, "हा माझी पेटी उचलणारा." उस्ताद पेटी उचलतो आणि दरबारभर तिच्या मागं फिरतो. परतीच्या जहाजात गुलनार रडायला लागते. उस्ताद तिला बराच वेळ रडू देतो. मग म्हणतो, "पोरी, तू खोटं कुठं बोललीस? मी उचललीच की. पण एक सांग, त्या पेटीत दगड भरलते का? लई जड होती."

गफूरचाचा मांडीवर थाप मारून हसले. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि चाचांना वाटलं बाईंना विनोद फारच आवडला. त्या दिवशी दोन पेरू कापले गेले. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. रजिस्टर मिटलंत आणि लेथच्या चकवर उगीच फुंकर मारलीत. माझं जुळवलेलं वाक्य पर्समध्येच राहिलं, रफीकभाई. तुम्ही आधीच माफ केलं होतंत, मग मागायची कशी? आज मागते. चुकलं माझं.

तोंडानं नाही, पण हातानं एक केलं. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला मी मुख्याध्यापकांना पाहुण्याचं नाव सुचवलं. ते म्हणाले, "मोटारवाले?" मी म्हटलं, "हो, तेच. एकदा ऐका." तुम्ही भाभींना घेऊन आलात. मी माईकवर म्हटलं, "आजचे पाहुणे, इतिहासकार रफीकभाई." तुम्ही उठलात, माईक हातात घेतलात आणि आधी मला दुरुस्त केलंत. "मी लेथवाला हाय. इतिहास बी करतो."

दहा मिनिटं दिली होती. पाऊण तास झाला. पोरं पुढं पुढं सरकत मंचाला टेकली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "खरादवर माती न्हाई तर खेळायला काय करतेत?" तुम्ही म्हणालात, "छर्रे. साऱ्या ग्रहावर बेरिंगचे लोखंडी छर्रे सांडल्यालेत. धावाय गेलं की घसरतंय. तिथं कुणी चालत न्हाई, समदे घसरतच साळंला जातेत." हशा काय झाला! आमचे मुख्याध्यापक पोट धरून हसत होते. नंतर त्यांनीच तुम्हाला विचारलं, की सेनापतींनी दुसरीकडून तोफा का नाही आणल्या. तुम्ही त्यांना अर्धा तास समजावून सांगितलंत. भाभी मला म्हणाल्या, "घरात तर एक शब्द बोलत नाहीत हो हे."

त्यानंतरची वर्षं आठवली की मला बाकीचं काही आठवत नाही, फक्त हसू आठवतं. राणी कानसबेगमच्या लग्नात वऱ्हाड हरवलं तो अध्याय. वलयांच्या राजानं सोन्याची तोफ मागितली आणि ती उन्हात वाकली तो. लिंबागणेशच्या जत्रेला गेलो होतो तेव्हा आकाशपाळणा बंद पडला, तर तुम्ही तो सुरू करून दिलात, त्यात बसलात आणि वरून मला ओरडून सांगितलंत, "बाई, जहाज असंच उतरत असंल!" खाली गफूरचाचांनी विचारलं होतं, "वरून खराद दिसतोय का बे?"

तेरा रजिस्टरं झाली. आणि मग राहिला शेवट.

युद्ध संपवायचं हे आपल्या दोघांनाही मान्य होतं. चुकणाऱ्या तोफांना कंटाळून सल्तनत आणि वलयं तह करतात, इथपर्यंत एकमत. पुढं काय? मी म्हटलं, पुढं खराद संपतो. युद्ध नाही तर तोफा नाहीत, तोफा नाहीत तर काम नाही. भट्ट्या विझतात, लोक जहाजं भरून निघून जातात. इतिहासात असंच झालेलं आहे. एका कामावर उभी राहिलेली गावं त्या कामाबरोबर जातात. ग्रहाला वाचवण्यासाठी खोटं लिहायचं नाही.

"न्हाई बाई. खराद चालू राहतोय."

"कशावर?"

"हातावर. तोफ करणारा पाळणा करंल, उसाचा चरक करंल, मोटारीचा शाफ्ट करंल."

"ही तुमची इच्छा झाली. पुरावा कुठं आहे?"

तुम्ही तेव्हा म्हणालात ते मी घरी जाऊन लिहून ठेवलं: "तुमी इतिहासवाले मोडल्यालं मोजता. आमी दुरुस्त झाल्यालं मोजतो." वाक्य छान होतं. पण वाक्य छान आहे म्हणून मी हरणार नव्हते, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षं तो वाद चालला. मजेत चालला. आपण दोघंही तो मुद्दाम संपवत नव्हतो, असं आता वाटतं.

त्या सोमवारी तुमचा फोन आला. "बाई, शनिवारी माझा शेवट आणतो. तुमचा बी आणा. ज्याचा चांगला, तो ठेवू."

"कोण ठरवणार?"

"पेरू ठरवंल."

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात.

सना पुण्याहून आली. इंजिनीअर झाली आहे, तुमच्यासारखीच बोलता बोलता हातानं मापं दाखवते. चार दिवस तिनं घर आणि दुकान शोधलं. तेरा रजिस्टरं सापडली, चौदावं कोरं होतं. तुमचा शेवट कागदावर आलाच नव्हता. ती म्हणाली, "बाई, शनिवारी दुकान उघडते. चाचा रोज विचारतात. तुमचा शेवट तरी वाचा."

काल वाचला. बाकावर गफूरचाचा, शेजारी सना, दाराशी भाभी खुर्ची टाकून. मी चांगला लिहिला होता, रफीकभाई. मनापासून लिहिला होता. एकेक भट्टी विझते. घणवाडी रिकामी होते. शेवटचा उस्ताद आरामाच्या सूर्याखाली उभा राहतो, हात पुसतो, आणि शेवटच्या जहाजात चढतो. खराद फिरत राहतो, रिकामा.

वाचून झालं. गफूरचाचांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी गाड्यावरून पेरू आणला आणि कापायला घेतला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "असंच असतंय. माणूस गेला की समदं गेलं."

सना म्हणाली, "अब्बांना पण हे कळत होतं. त्यांना फक्त मानायचं नव्हतं."

मी जिंकले होते. तिघंही माझ्या बाजूनं होते. आणि मला एकदम राग आला.

"खोटं आहे हे," मी म्हटलं.

"तुमीच तर लिवलंय!" गफूरचाचा म्हणाले.

"चाचा, तुमच्या गाड्याचा आस कुणी केला?"

"रफीकनं."

"कशाचा?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. आठवून म्हणाले, "लिलावात मिलिटरीचा ट्रक आलता भंगारात. त्याच्या शाफ्टचा."

"म्हणजे जो शाफ्ट बंदुका आणि दारूगोळा वाहत होता, त्याच्यावर तुम्ही आज पेरू विकताय. किती वर्षं?"

"लई झाली."

"सना, ही इच्छा आहे का पुरावा?" मी उभी राहिले होते. माझा आवाज चढला होता, आणि वर्गात चढतो तसा नाही, तुमचा चढायचा तसा. "समोर रस्त्यावर उभा आहे तो पुरावा. त्याला चार चाकं आहेत. मी तेरा रजिस्टरं इतिहासाची साधनं मागत बसले आणि साधन दारात उभं होतं! लोखंडाला कुठं ठाऊक असतं ते कशासाठी ओतलंय? ते करणाऱ्या हाताला ठाऊक असतं. हात शिकलेला असेल तर तो उद्या दुसरं काही करतो. आणि माणूस गेला की समदं गेलं म्हणता, तर तो आस अजून फिरतोय कसा?"

सना वाद घालायला लागली. तिला हरणं माहीत नाही, तुमच्यावर गेली आहे. "एक गाडा म्हणजे एक ग्रह नाही," म्हणाली. मी म्हटलं, बरोबर, मग दुसरा पुरावा घे. भाभी दारातून म्हणाल्या, "माझं शिलाई मशीन." मग त्यांनी ते कशापासून दुरुस्त झालं ते सांगितलं. मग गफूरचाचांना रसवंतीचा चरक आठवला, मग मशिदीच्या नळाची चावी, मग कुणाच्या तरी कुबडीचं टोक. मी मोजत गेले. सना एकेक खोडायचा प्रयत्न करत गेली, आणि मग तिचं खोडणं थांबलं आणि तीही आठवायला लागली. दोन तास. किती हसलो आम्ही! रस्त्यावरून जाणारे वाकून बघत होते, की या दुकानात तर माणूस गेलाय ना.

शेवटी गफूरचाचा वैतागले. "बाई, मी तुमच्या बाजूनं होतो की! तुमीच पलटी मारली."

"मारली," मी म्हटलं.

त्यांनी कापलेला पेरू मला दिला. "मंग बसलात कावून? लिवा."

कोरं रजिस्टर सनानं पुढं केलं. आज सकाळपासून तेच लिहिते आहे. खरादवर पहिला पाळणा उभा राहिला आहे, आणि त्याच्या आसाच्या आत, कुणाला दिसू न दिसू, एक नाव आहे. सना रात्री वाचणार आणि नावं ठेवणार. तिनं मापं तपासायला घेतली आहेत.

माझा शेवट मी फाडला नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ठेवावं लागतं, ही तर मीच तुम्हाला लावलेली शिस्त. तो तळटीप म्हणून खाली घातला आहे. वाचून दाखवते:

'एका इतिहासकार बाईंचं असं मत होतं, की युद्ध संपल्यावर खराद ग्रह ओसाड पडला. रफीकभाईंशी झालेल्या चर्चेनंतर त्यांनी हे मत मागं घेतलं आहे.'